बर्चफील्डच्या गावातली घरं

चर्चचा मनोरा डुलतो आहे. त्याचा वरचा भाग चोच असलेल्या एखाद्या हिंस्र पक्ष्यासारखा दिसतो आणि मनोऱ्याभोवतीच्या काळ्या आभाळात आकडीसारख्या वळणाऱ्या रेषा फिरताहेत. खाली दोन्ही अंगांना घरं आहेत. त्यांच्या खिडक्यांत उजेड आहे, बाहेर पाऊस आहे, आणि त्या घरांना चक्क डोळे आहेत. चार्ल्स बर्चफील्डने १९१७ च्या डिसेंबरात रंगवलेलं हे जलरंग-चित्र आज क्लीव्हलँडच्या कलासंग्रहालयात आहे. ‘चर्च बेल्स रिंगिंग, रेनी विंटर नाइट’ हे त्याचं नाव. लहानपणी पावसाळी रात्री घंटा वाजू लागली की अंथरुणात पडलेल्या पोराच्या पोटात जो गोळा उठायचा, तो बर्चफील्डला कागदावर आणायचा होता. मनोऱ्याभोवती फिरणाऱ्या त्या रेषा म्हणजे घंटेचा आवाज, आणि त्या आवाजातली भीतीसुद्धा.

हे गाव म्हणजे ओहायो राज्यातलं सेलम. तमिळनाडूतलं नव्हे, आणि चेटकिणींच्या खटल्यांमुळे बदनाम झालेलं मॅसॅच्युसेट्समधलंही नव्हे. क्वेकर पंथाच्या लोकांनी १८०६ मध्ये वसवलेलं, गुलामगिरीविरोधी चळवळीत पुढे असलेलं आणि नंतर रेल्वे व कारखान्यांच्या आधाराने वाढलेलं हे गाव १९२० च्या सुमाराला जेमतेम दहा हजार वस्तीचं होतं. बर्चफील्डचा जन्म १८९३ चा, एरी सरोवराच्या काठी ॲश्टाब्यूला हार्बर इथला. तो पाच वर्षांचा व्हायच्या आतबाहेर वडील गेले, आणि आई मुलांना घेऊन सेलमला आली. तिथल्या ईस्ट फोर्थ स्ट्रीटवरच्या एका साध्या लाकडी घरात तो वाढला. पुढे जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांत पोचलेली कितीतरी चित्रं या घराच्या खिडकीतून, परसातून किंवा शेजाऱ्याच्या कुंपणावरून दिसणाऱ्या गोष्टींचीच आहेत. ‘नूनटाइड इन लेट मे’ या चित्रात तर शेजारच्या बागेतली भर दुपारची ऊन खाणारी झाडं आहेत, बाकी काही नाही.

कलाशिक्षण क्लीव्हलँडला झालं, १९१२ ते १९१६. हेन्री केलर नावाचे चांगले शिक्षक मिळाले. मग न्यूयॉर्कच्या नॅशनल अकॅडमी ऑफ डिझाइनची शिष्यवृत्ती मिळाली. कुणीही हुरळून जावं अशी गोष्ट. बर्चफील्डने तिथे एक दिवस मॉडेल समोर ठेवून चित्र काढण्याचा वर्ग केला आणि अकॅडमी सोडली. त्या महिन्या-दोन महिन्यांच्या न्यूयॉर्कवारीतून एकच बरी गोष्ट निघाली. ‘सनवाइज टर्न’ नावाच्या पुस्तकाच्या दुकानाच्या मालकीणबाई मेरी मोब्रे-क्लार्क यांना त्याचे जलरंग आवडले आणि त्यांनी ते दुकानात लावून विकायला सुरुवात केली. बर्चफील्ड मात्र घरच्या ओढीने सेलमला परतला.

परतल्यावर नोकरी धरली ती मलिन्स कंपनीच्या हिशेब खात्यात. पत्रा ठोकून वस्तू बनवणारा हा कारखाना. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनवर बसवलेला शिल्पकार सेंट गॉडेन्सच्या ‘डायना’चा पहिला, अवाढव्य धातूचा पुतळा याच कारखान्यात बनला होता, आणि पुढे इथे मोटारींचे पत्र्याचे भाग निघू लागले. बर्चफील्ड दिवसभर खर्चाचे आकडे मांडायचा. जेवणाच्या सुट्टीत कागद घेऊन बाहेर पडायचा, संध्याकाळी पुन्हा बाहेर. १९१७ या एका वर्षात त्याने अशी मधल्या सुट्टीतली शेकडो चित्रं केली. पुढे आयुष्यभर तो त्या वर्षाला आपलं सोन्याचं वर्ष म्हणत राहिला.

त्याच वर्षी त्याने एका वहीत एक विलक्षण उद्योग केला. भीती, उदासी, वेड, घातक चिंतन, कायमच्या गेलेल्या सुखद गोष्टींची आठवण अशा मनाच्या अवस्थांना त्याने एकेक आकार ठरवून दिला. भीतीला आतल्या आत वळत जाणारी आकडी; कुठल्या अवस्थेला पोकळ डोळे, कुठल्या अवस्थेला वाकलेली कमान. ‘कन्व्हेन्शन्स फॉर ॲब्स्ट्रॅक्ट थॉट्स’ असं नाव दिलेली ही लिपी त्याने मग गावावर वापरली. दाराच्या चौकटीत, खिडकीच्या कमानीत, झाडाच्या ढोलीत हे आकार शिरले. युरोपातल्या अमूर्त चित्रकलेचा बोलबाला ओहायोत फारसा पोचलेला नसताना, चोवीस वर्षांचा हा हिशेबनीस आपल्यापुरती एक चित्रभाषा घडवत होता. ‘इन्सेक्ट कोरस’ या चित्रात उन्हाळ्याच्या अखेरीच्या दुपारी किड्यांची किरकिर ऐकू येते. ऐकू येते म्हणजे दिसते. झुडपांतून, छपरावरून त्याच त्याच वळणांच्या रेघा निघत राहतात, इतक्या की डोळ्यांना त्यांचा त्रास व्हावा.

१९१८ मध्ये लष्करात भरतीचा हुकूम आला. साउथ कॅरोलायनातल्या कॅम्प जॅक्सनमध्ये त्याला छलावरण विभागात घातलं, म्हणजे रणगाडे शत्रूला दिसू नयेत म्हणून त्यांच्यावर नक्षी रंगवायची. वस्तूचा चेहरा उघड करण्यात ज्याची हयात जायची होती, त्याला लष्कराने वस्तू लपवायला बसवलं! जानेवारी १९१९ मध्ये सुटका झाली आणि सेलमला येऊन पाहतो तो गाव तेच, पण आधीचा मंत्र उतरलेला. याच सुमारास शेरवुड अँडरसनचं ‘वाइन्सबर्ग, ओहायो’ प्रसिद्ध झालं. ओहायोतल्याच एका छोट्या गावातल्या कुढणाऱ्या, आतून एकट्या माणसांच्या कथांचं हे पुस्तक बर्चफील्डच्या मनावर खोल उमटलं. आता त्याचं लक्ष फुलाझाडांवरून घरांकडे वळलं. रंग उडालेल्या फळ्या, कलंडलेले व्हरांडे, रेल्वेच्या धुराने काळवंडलेली छपरं.

ही घरं नीट पाहायला हवीत. अमेरिकेत यादवी युद्ध संपल्यावर, १८६५ नंतर, रेल्वेच्या जाळ्याबरोबर शेकडो गावं भराभर उभी राहिली. लाकूड स्वस्त, करवतीच्या गिरण्या जागोजाग, त्यामुळे घरं बहुतेक लाकडी चौकटीची आणि आडव्या फळ्यांची. ज्याच्याकडे थोडे पैसे आले त्याने खिडक्यांवर इटालियन पद्धतीच्या जाड भुवया बसवल्या, छपराखाली कोरीव ब्रॅकेट लावले. बाजारपेठेतल्या दुकानांना तर खोटा दर्शनी भाग असायचा. मागे एकमजली उतरतं छप्पर आणि पुढे दोन मजली उंच फळ्यांची भिंत, म्हणजे रस्त्यावरून दुकान भारदस्त वाटावं. पन्नास वर्षांनी भरभराट ओसरली की हा सगळा थाट केविलवाणा दिसू लागतो. बर्चफील्डने नेमका तो थाट पकडला. जाड भुवयांच्या खिडक्या त्याच्याकडे रागावलेले डोळे झाल्या, व्हरांडा म्हणजे ओठ मिटून बसलेलं तोंड. यात त्याला फार खोटं घालावं लागलं नाही. गवंड्या-सुतारांनी ते चेहरे आधीच बनवून ठेवले होते.

१९२० मध्ये ही चित्रं न्यूयॉर्कमध्ये लागली तेव्हा समीक्षकांनी त्यांत गावाचा द्वेष वाचला. त्याच वर्षी सिंक्लेअर लुईसची ‘मेन स्ट्रीट’ कादंबरी आली आणि छोट्या गावांच्या कोत्या मनाची टिंगल करणं ही शहरी वाचकांची आवड बनली. बर्चफील्डला त्याच रांगेत बसवणं सोयीचं होतं. मला हे वाचन पटत नाही. द्वेष करणारा माणूस इतका वेळ थांबून बघत नाही. ज्या फळीचा रंग उडालाय तिच्यावर पडलेला फेब्रुवारीतला ओलसर उजेड, वितळत्या बर्फाचं पन्हळीतून टपकणारं पाणी, हे ज्याने टिपलं त्याला त्या रस्त्यावर राहायचंच होतं. स्वतः बर्चफील्डनेही उपरोधकार हे बिरूद कधी मनापासून घेतलं नाही, आणि पुढे प्रादेशिकतावादी म्हणून थॉमस हार्ट बेंटन किंवा ग्रँट वुड या चित्रकारांच्या पंगतीत बसवलं तेव्हाही तो कुरकुरला. एखाद्या जागेचा स्वभाव त्याला जाणवायचा खरा, पण रंगवायची असायची ती त्या जागी उभं असताना स्वतःच्या मनाची झालेली अवस्था.

पोट भरण्यासाठी १९२१ मध्ये तो बफेलोला गेला. बर्ज या कंपनीत वॉलपेपरचे नमुने काढायचे. १९२२ मध्ये बर्था केनराइकशी लग्न झालं, पुढे चार मुली आणि एक मुलगा झाला, आणि १९२५ मध्ये त्याने बफेलोच्या बाहेर गार्डनव्हिल या वस्तीत घर घेतलं. मरेपर्यंत तो तिथेच राहिला. वॉलपेपरची नोकरी त्याने आठ वर्षं केली, डिझाइन विभागाचा प्रमुखही झाला. भिंतभर तोच फुलांचा नमुना जुळवायचा म्हणजे कडा अशा बेतायच्या की सांधा कुठे आहे ते कळू नये. हे कसब त्याला पुढे फार कामी आलं.

१९२९ मध्ये, शेअर बाजार कोसळला त्याच वर्षी, त्याने नोकरी सोडली. पदरात पाच मुलं असताना याला धाडस म्हणावं की वेडेपणा? न्यूयॉर्कच्या फ्रँक रेन यांच्या गॅलरीने त्याची चित्रं विकायची जबाबदारी घेतली. याच गॅलरीत चित्रकार एडवर्ड हॉपरचीही चित्रं असायची, आणि हॉपरने तर १९२८ मध्येच ‘द आर्ट्स’ मासिकात बर्चफील्डवर लेख लिहून ठेवला होता. गावाकडच्या आयुष्यातल्या कंटाळ्यातून हा माणूस काव्य काढतो, असा त्या लेखाचा सूर. कंटाळा हा शब्द हॉपरसारख्या स्तब्ध चित्रं काढणाऱ्याच्या लेखणीतून यावा यात मौज आहे. दोघे एकमेकांचे चाहते होते आणि दोघांची घरं एकाच काळातली, तरी हॉपर घरावरचा उजेड रंगवतो आणि बर्चफील्ड हवामान. हॉपरच्या चित्रात वारा नसतो. बर्चफील्डच्या चित्रात पाऊस नुकताच थांबलेला असतो किंवा कुठल्याही क्षणी लागेल.

न्यूयॉर्कचं म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्ट नोव्हेंबर १९२९ मध्ये उघडलं. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत, एप्रिल १९३० मध्ये, त्या संग्रहालयाने आपलं पहिलं एकल प्रदर्शन भरवलं ते बर्चफील्डच्या १९१६ ते १९१८ मधल्या जलरंगांचं. मातीस, पिकासो या मंडळींच्या आधी ओहायोतल्या माजी हिशेबनिसाचा नंबर लागला, हे आज कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही.

१९३० च्या दशकातली त्याची चित्रं आकाराने मोठी, रंगाने करडी आणि वजनाने जड आहेत. आपल्याला जलरंग म्हणजे ओल्या कागदावर पसरणारा, पारदर्शक, एका दमात संपवायचा प्रकार वाटतो; कागदाचा पांढरा रंग आतून चमकला पाहिजे आणि चूक झाली की कागद फेकायचा. बर्चफील्डने ही सगळी शिस्त मोडली. तो कागद तैलचित्राच्या कॅनव्हाससारखा घोडीवर उभा लावायचा. उभ्या कागदावर पाणी जास्त झालं तर ओघळणार, म्हणून ब्रश जवळजवळ कोरडा. एका थरावर दुसरा, त्यावर तिसरा, मध्ये अपारदर्शक पांढरा, कुठे खडू, कुठे खरवडून काढलेलं. चित्र वर्षानुवर्षं सुधारत बसायचं. ‘सल्फरस इव्हनिंग’ या चित्राची तारीखच १९२२ ते १९२९ अशी आहे. तैलरंगही त्याने वापरून पाहिले, पण मन जलरंगांतच रमलं.

‘सिक्स ओ’क्लॉक’ हे १९३६ चं चित्र आता न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजच्या एव्हरसन संग्रहालयात आहे. कामगारांच्या वस्तीतली एकसारखी, टोकदार छपरांची घरं, मागच्या बाजूने पाहिलेली. सगळीकडे बर्फ. एका स्वयंपाकघराच्या खिडकीत दिवा आहे आणि घरातली माणसं जेवायला बसली आहेत. कारखान्याच्या वेळापत्रकावर चालणाऱ्या गावात रात्रीचं जेवण सहालाच, आणि हिवाळ्यात तेव्हा बाहेर मिट्ट काळोख. महामंदीचं ते सातवं वर्ष होतं. चित्रात मंदीचं एकही चिन्ह नाही, पण त्या एका पिवळ्या चौकोनाला बर्फाने चहूकडून जे वेढलंय ते पाहिलं की आत जेवण शिजलंय हीच केवढी गोष्ट, हे कळतं. दोन वर्षांनंतरच्या ‘एंड ऑफ द डे’मध्ये कामावरून सुटलेली माणसं बर्फाळ चढावरून घराकडे निघाली आहेत. चेहरे दिसत नाहीत, पाठी बोलतात. त्याच्या चित्रांत माणूस क्वचित येतो आणि आला की असा पाठमोरा किंवा काचेआड.

अमेरिकन छोट्या गावाची जी प्रतिमा जगभर गेली ती याच्या अगदी उलट आहे. ती नॉर्मन रॉकवेलची. ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’ या साप्ताहिकाची तीनशेहून अधिक मुखपृष्ठं त्याने १९१६ ते १९६३ या काळात केली. न्हाव्याचं दुकान, डॉक्टरकाका, चोरून पोहायला गेलेली पोरं. प्रत्येक चित्रात एक गोष्ट आणि गोष्टीच्या शेवटी हसू. रॉकवेल कसलेला कारागीर होता, त्याला कमी लेखायचं कारण नाही. पण त्याची माणसं उचलून दुसऱ्या गावात ठेवली तरी गोष्ट बदलत नाही. बर्चफील्डचं घर त्याच्या रस्त्यावरून, त्याच्या महिन्यातून हलवता येत नाही.

नावलौकिक आला. ‘लाइफ’ साप्ताहिकाने १९३६ च्या अखेरीला त्याला अमेरिकेच्या दहा थोर चित्रकारांत गणलं. ‘फॉर्च्यून’ मासिकाने त्याला पेनसिल्व्हेनियातल्या रेल्वे यार्डांत, टेक्ससमधल्या गंधकाच्या खाणींत, वेस्ट व्हर्जिनियातल्या कोळशाच्या खाणींत चित्रं काढायला पाठवलं. आणि नेमकं याच काळात त्याला आतून वाटू लागलं की आपण वाळत चाललोय. १९४३ मध्ये त्याने पेटीतली १९१७ ची छोटी चित्रं बाहेर काढली. त्यांच्या चारही बाजूंना नव्या कागदाच्या पट्ट्या जोडल्या, सगळं पुठ्ठ्यावर चिकटवलं आणि तरुणपणीचं चित्र मधोमध ठेवून भोवती नवं चित्र वाढवायला सुरुवात केली. सांधे रंगाखाली लपवायचं वॉलपेपरवाल्याचं कसब इथे उपयोगी पडलं. ‘द कमिंग ऑफ स्प्रिंग’ची तारीख १९१७-४३, ‘सन अँड रॉक्स’ची १९१८-५०. पन्नाशीतला चित्रकार चोवीस वर्षांच्या स्वतःच्या कागदावर काम करतोय, खोडतोय, वाढवतोय. दुसऱ्या कुणा चित्रकाराने इतक्या शब्दशः स्वतःच्या तारुण्याला जोड दिल्याचं मला तरी आठवत नाही.

‘साँग ऑफ द टेलिग्राफ’ (१९१७-५२) हे अशाच वाढवलेल्या चित्रांपैकी. गावाबाहेरच्या रस्त्यालगतचे तारेचे खांब वाऱ्यात नाचताहेत आणि तारा गाताहेत. तारेच्या खांबाला कान लावला की आतून घुमणारा आवाज येतो, हे त्या पिढीतल्या पोरांना कुणी शिकवावं लागत नसे.

काळाची गंमत अशी की १९५५ मध्ये कॅलिफोर्नियात डिस्नेलँड उघडलं आणि त्याच्या दारातच ‘मेन स्ट्रीट’ उभारली गेली, वॉल्ट डिस्नेच्या मिसुरीतल्या मार्सेलीन गावाच्या आठवणींवर बेतलेली, स्वच्छ, नवी कोरी. १९५६ च्या महामार्ग कायद्याने मोठे रस्ते गावांना वळसा घालून जाऊ लागले. उपनगरं पसरली, दुकानं तिकडे गेली, आणि बर्चफील्डने रंगवलेल्या लाकडी घरांच्या रांगा पाडल्या जाऊ लागल्या. ज्या दशकात अमेरिकेला छोट्या गावाचा उमाळा आला त्या दशकात त्या गावांचा खरा चित्रकार मात्र घरं सोडून गेला होता. तो दलदलीतल्या झाडांत, डिसेंबरातल्या मृग नक्षत्रात, आणि पुढे ‘डँडेलायन सीडहेड्स अँड द मून’सारख्या चित्रांतल्या म्हाताऱ्यांच्या फुग्यांत गुंतला होता. त्यांत सुंदर चित्रं पुष्कळ आहेत. समीक्षकांचा कौलही आज १९१७ ची आणि ही उतारवयातली चित्रं यांच्याकडेच आहे. मधल्या काळातली घरं म्हणजे पोटापाण्याचा टप्पा, असं बोललं जातं. मला हा निवाडा घाईचा वाटतो. झाडात भूत पाहणं सोपं आहे. बफेलोच्या कोपऱ्यावरच्या कंगाल दुमजली इमारतीसमोर साठलेल्या बर्फावर भर दुपारी ऊन पडतं, रस्ता डोळे दिपवतो आणि तरी थंडी हटत नाही, हे ‘आइस ग्लेअर’मध्ये (१९३३) दाखवणं अवघड आहे, कारण तिथे मदतीला भूत नाही.

१० जानेवारी १९६७ रोजी बर्चफील्ड गेला. मागे सुमारे दहा हजार पानांची रोजनिशी राहिली. तिच्यात कितीतरी नोंदी हवेच्या आहेत, म्हणजे वारा कुठल्या दिशेचा आणि ढग कसे. बफेलो स्टेट कॉलेजात १९६६ मध्येच त्याच्या नावाचं कलाकेंद्र सुरू झालं होतं, ते आता बर्चफील्ड पेनी आर्ट सेंटर. सेलममधलं त्याचं लहानपणीचं घरही संग्रहालय म्हणून जपलेलं आहे. २००९ मध्ये लॉस एंजेलिसच्या हॅमर संग्रहालयात शिल्पकार रॉबर्ट गोबर याने त्याचं मोठं प्रदर्शन मांडलं तेव्हा अनेकांना तो नव्याने सापडला.

नव्याने सापडावा लागतो याचं एक साधं, तांत्रिक कारण आहे. कागदावरचे जलरंग उजेडात फिके पडतात. म्हणून कुठलंही जबाबदार संग्रहालय असं चित्र थोडे महिने भिंतीवर ठेवतं आणि मग काही वर्षं अंधाऱ्या कपाटात विश्रांतीला पाठवतं. हॉपरचं ‘नाइटहॉक्स’ तैलरंगातलं, ते शिकागोत एरवी भिंतीवरच असतं आणि रोज हजारो लोक त्याच्यासमोर फोटो काढतात. बर्चफील्डला ही सोय नाही. तेव्हा क्लीव्हलँड किंवा बफेलोकडे कुणाचं जाणं झालं, तर यातलं कुठलं चित्र सध्या बाहेर लावलंय ते संग्रहालयाला आधी विचारून निघालेलं बरं.